वाचकांचे प्रश्न : सरकारचं कर्ज, तूट आणि रेटिंगची भानगड

या वेळी पत्रपेटी एकाच विषयाने भरलीय. एस अँड पी नावाच्या रेटिंग संस्थेने १४ ऑगस्ट २०२५ ला भारताचं रेटिंग बीबीबी मायनसवरून बीबीबी केलं, तेव्हापासून कर्ज, तूट, रेटिंग यावर एवढे प्रश्न आलेत की सुटी सुटी उत्तरं देण्यापेक्षा एकदाच बसून सगळं लिहिते. सारखे प्रश्न एकत्र केलेत. "कोणत्या पक्षाने जास्त कर्ज काढलं ते सांगा" असे काही होते ते बाजूला ठेवलेत, कारण काहीही सांगितलं तरी निम्मे वाचक रुसणार.

ताई, अठरा वर्षांनी रेटिंग वाढलं म्हणे. हे आपल्या सिबिल स्कोअरसारखंच असतं का? आणि वाढलं तर माझं होमलोन स्वस्त होणार का? (सातारा)

सिबिलशी तुलना निम्मी बरोबर आहे. उधार द्यायच्या आधी समोरचा फेडेल का हे बघायचं, इथपर्यंत दोन्ही सारखंच. पण सिबिल तुमचा मागचा हिशोब बघतं, हप्ते वेळेवर गेले की नाही वगैरे, आणि देशाच्या रेटिंगमध्ये मागचं थोडं आणि पुढचं जास्त बघतात. नाहीतर भारताने आजवर सरकारी कर्ज बुडवलेलं नाही, एवढ्यावरच आपण वरच्या पायरीवर असायला हवे होतो ना. ते बघतात की सरकारचं उत्पन्न किती, त्यातलं व्याजात किती जातं, अर्थव्यवस्था किती वेगाने वाढतेय, महागाई आटोक्यात आहे का, परकीय चलन किती आहे, आणि माणशी उत्पन्न किती. या शेवटच्यात आपण मार खातो.

पायऱ्या सांगायच्या तर सगळ्यात वर ट्रिपल ए, मग डबल ए, ए, मग ट्रिपल बी (म्हणजेच बीबीबी). ट्रिपल बीच्या घरातली शेवटची पायरी म्हणजे बीबीबी मायनस, तिच्या खाली गेलं की त्याला बाजारात सरळ 'जंक' म्हणतात आणि परदेशातले कित्येक पेन्शन फंड, विमा कंपन्या नियमानुसारच तिथे पैसे लावू शकत नाहीत. आपण जानेवारी २००७ पासून एस अँड पीच्या यादीत त्या काठावरच्या पायरीवर उभे होतो, आता एक पायरी वर आलो. मूडीज आणि फिच या बाकी दोन मोठ्या संस्थांनी मात्र तेव्हा आपल्याला काठावरच ठेवलं होतं. मूडीजने तर २०१७ ला एक पायरी वर नेऊन जून २०२० मध्ये परत खाली आणलेलं.

होमलोनचं म्हणाल तर नाही, थेट काही नाही. तुमचा ईएमआय रेपो रेटवर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उधार देते त्यावर हलतो, न्यूयॉर्कमधल्या समितीवर नाही. फायदा होतो तो स्टेट बँक, एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक अशांना, कारण देशाचं रेटिंग हे साधारण त्या देशातल्या बँका आणि कंपन्यांच्या डोक्यावरचं छत असतं. छत वर गेल्यावर लगेच दुसऱ्याच दिवशी एस अँड पीने अशा दहा बँका आणि फायनान्स कंपन्यांचंही रेटिंग वाढवलं. त्यांना डॉलरमध्ये कर्ज थोडं स्वस्त मिळेल. तुमच्यापर्यंत त्यातलं काय झिरपेल ते मी सांगू शकत नाही आणि कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

तूट आणि कर्ज यात नेमका फरक काय? केंद्राची तूट ४.४ टक्के ठेवलीय म्हणतात, हे चांगलं की वाईट? (नाशिक)

तूट ही एका वर्षाची, कर्ज हे आजवरचं साचलेलं. या वर्षी जेवढं कमी पडलं तेवढं नवीन कर्ज, ते जुन्यात जाऊन बसतं. एवढाच फरक, पण टीव्हीवर रोज दोन्हींची सरमिसळ चालते.

आता आकडे. केंद्राच्या २०२५-२६ च्या बजेटमध्ये एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये धरलाय आणि राजकोषीय तूट १५.६९ लाख कोटी, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या (जीडीपीच्या) ४.४ टक्के. कोविडच्या वर्षी, २०२०-२१ ला, हीच तूट ९.२ टक्के होती. तिथून पाच वर्षांत अर्ध्यावर आणली हे काम खरंच सोपं नव्हतं आणि एस अँड पीने रेटिंग वाढवताना सांगितलेल्या कारणांत हे एक ठळक कारण होतं.

पण मला विचाराल तर ४.४ पेक्षा एक वेगळा आकडा बघा, जो भाषणात हळू आवाजात वाचतात. व्याज. त्याच बजेटमध्ये नुसतं जुन्या कर्जाचं व्याज १२.७६ लाख कोटी आहे. सरकारची महसुली जमा, म्हणजे कर, रिझर्व्ह बँकेचा लाभांश, सगळं मिळून ३४.२० लाख कोटी. म्हणजे शंभर रुपये आले की त्यातले सदतीस रुपये मुद्दल नाही, फक्त व्याज म्हणून जातात, मग शाळा, सैन्य, रेल्वे, खताची सबसिडी काय करायचं ते उरलेल्या त्रेसष्टात आणि नवीन उधारीत. संरक्षण खात्याला पेन्शन धरून ६.८१ लाख कोटी दिलेत, व्याज त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. आणि अजून एक गंमत बघा, १५.६९ मधून १२.७६ वजा केले तर उरतात २.९३ लाख कोटी. म्हणजे त्या वर्षी जी नवीन उधारी धरली तिच्यातली बहुतेक सगळी जुन्या उधारीचं व्याज भागवायला आहे. या उरलेल्या आकड्याला प्राथमिक तूट म्हणतात, आणि ती त्या बजेटमध्ये ०.८ टक्क्यावर आलीय ही त्यातल्या त्यात चांगली बातमी, कारण याचा अर्थ आजचं सरकार आजच्या खर्चासाठी फार उधळत नाहीये, मागचं ओझं वाहतंय.

मग हे चालतं कसं? चालतं कारण अर्थव्यवस्था रुपयांत, म्हणजे भाववाढ धरून मोजली तर व्याजदरापेक्षा वेगाने वाढते. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचं (सरकार उधार घेताना देतं त्या कागदाचं) व्याज २०२५ मध्ये साडेसहा टक्क्यांच्या आसपास होतं आणि बजेटने देशाचं उत्पन्न १०.१ टक्के वाढेल असं धरलं होतं. हे अंतर आहे तोवर कर्जाचा डोंगर उत्पन्नाच्या तुलनेत आपोआप थोडा थोडा झिजतो. अंतर कमी झालं, म्हणजे वाढ मंदावली किंवा महागाई फारच कमी झाली (हो, महागाई कमी झाली तर सरकारच्या हिशोबाला त्रास होतो, ऐकायला विचित्र वाटतं), की झिजणं थांबतं. सरकारने आता दरवर्षीच्या तुटीऐवजी थेट कर्जाचंच लक्ष्य घेतलंय, मार्च २०३१ पर्यंत केंद्राचं कर्ज उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आसपास, एखादा टक्का इकडे तिकडे. २०२५-२६ ला ते ५६.१ धरलंय. सरकारी कर्जाच्या मर्यादेसाठी नेमलेल्या एन. के. सिंग समितीने २०१७ मध्ये केंद्राला ४० टक्के आणि राज्यांना २० टक्के असं सुचवलेलं, ते आता कोणी फारसं बोलत नाही.

पेपरात वाचलं की प्रत्येक भारतीयाच्या डोक्यावर लाखाहून जास्त कर्ज आहे. आमच्या नातवाने अजून पहिली पास केली नाही, त्याच्याही डोक्यावर? (परभणी)

काका, भागाकार बरोबर आहे. केंद्राचं कर्ज साधारण २०० लाख कोटी, लोक १४० कोटींच्या वर, माणशी एक लाख चाळीस हजारांच्या आसपास येतं, राज्याचं वेगळं. पण ही हेडलाईन अर्धीच गोष्ट सांगते. हे कर्ज दिलं कोणी? बाहेरच्या देशांचा आणि संस्थांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास असेल नसेल, बाकी सगळं इथलंच. बँका आणि विमा कंपन्या मिळून अर्ध्याहून जास्त सरकारी रोखे धरून बसल्यात. बँकेत तुम्ही एफडी ठेवता त्यातले ठराविक पैसे बँकेला सरकारी रोख्यांत ठेवावेच लागतात, नियम आहे, १८ टक्के. एलआयसीची पॉलिसी, पीएफ, पोस्टातली बचत, हे सगळं फिरून सरकारलाच उधार जातं. तुमच्या नातवाच्या नावाने पीपीएफ काढलं असेल तर तो देणेकरी आहे तसा थोडा सावकारही आहे.

मला यात खटकतं ते वेगळंच आहे. देणारे आणि घेणारे एकच लोक नाहीत. व्याज मिळतं ते ज्यांच्याकडे एफडी, पॉलिसी, पीएफ आहे त्यांना, आणि ते व्याज भरलं जातं ते सगळ्यांच्या करातून, त्यात जीएसटी आला, आणि जीएसटी साबणावर आणि चपलेवर मजूर बाईही भरते जिच्याकडे एक रुपयाची एफडी नाही. "कर्ज आपलंच आपल्याला आहे, काळजी कशाला" असं जे काही विद्वान म्हणतात ना ते हे सोडून देतात.

राज्यावर ९ लाख कोटींचं कर्ज झालं आणि तरी लाडकी बहीण चालूच. महाराष्ट्र दिवाळखोर होणार का? (अमरावतीहून दोन पत्रं, एक सांगलीहून, तिन्हींचा सूर साधारण हाच)

दिवाळखोर वगैरे नाही. आधी हे स्पष्ट करते कारण व्हॉट्सॲपवर फार घबराट पसरवतात. २०२५-२६ च्या राज्याच्या बजेटमध्ये कर्ज ९.३२ लाख कोटी दाखवलंय, ऐकून छाती दडपते, पण राज्याच्या अख्ख्या अर्थव्यवस्थेचं (सरकारचं नव्हे) वर्षाचं उत्पन्न ४९ लाख कोटींच्या वर आहे, म्हणजे कर्ज १९ टक्क्यांच्या आत. मोठ्या राज्यांमध्ये हे कमीच म्हणायचं. राज्य सरकारच्या जमेतले व्याजात जातात ते ११-१२ टक्के. पंजाबात हे प्रमाण वीसच्या वर आहे. केंद्राचं तर वर सांगितलंच, सदतीस.

मग काळजी नाही का? आहे, पण ती कर्जाच्या आकड्यात नाही, ते कर्ज कशासाठी काढलं त्यात आहे. अजित पवारांनी मार्च २०२५ ला मांडलेल्या बजेटमध्ये महसुली तूट ४५,८९१ कोटी आहे. महसुली तूट म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, सबसिडी, अनुदानं असला रोजचा खर्चसुद्धा रोजच्या जमेतून भागत नाही. पूल बांधायला, धरण बांधायला कर्ज काढलं तर निदान मागे काहीतरी उरतं, पगार वाटायला काढलं तर पुढच्या वर्षी पगारही द्यायचा आणि त्याचं व्याजही द्यायचं. लाडक्या बहिणीला त्या वर्षी ३६,००० कोटी ठेवले होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा, महसुली तुटीच्या तीन चतुर्थांशाहून जास्त रक्कम ही.

आता इथे मला पत्रं येतील म्हणून आधीच सांगते. बाईच्या हातात महिना १५०० रुपये जाणं मला चुकीचं वाटत नाही. गावातल्या दुकानदारालाच विचारा ते कुठे खर्च होतात, मुलांच्या वह्या, औषधं, तेल. आणि शेतीपंपाचं वीजबिल माफ करताना, उद्योगांना सवलती देताना हीच चर्चा एवढ्या तावातावाने होत नाही हेही माझ्या लक्षात आहे. माझा आक्षेप एवढाच की नवीन कायमचा खर्च आणला तर त्याच्यासाठी कोणता कर वाढवणार किंवा कोणता खर्च कापणार हे त्याच दिवशी सांगायला पाहिजे. ते न सांगता निवडणुकीच्या तोंडावर सुरू केलं, मग २१०० चं वचन दिलं, आणि नंतर पात्रतेच्या चाळण्या लावत बसले. त्यात बायकांचाच अपमान झाला.

आणि एक गोष्ट जी त्या ९.३२ लाख कोटींत दिसत नाही. थकहमी. साखर कारखाना, सूतगिरणी, महामंडळं कर्ज काढतात, राज्य सरकार हमी देतं, कागदावर ते सरकारचं कर्ज नाही. पण कारखान्याने हात वर केले की बँक मंत्रालयाच्या दारात येते. जुन्या लोकांना कापूस एकाधिकार खरेदी योजना आठवत असेल, तिचा तोटा शेवटी कोणी भरला? १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ काढून पाटबंधाऱ्यांसाठी लोकांकडून रोख्यांवर पैसे उचलले, तेही राज्याच्या हमीवरच, बजेटच्या बाहेर. रस्त्यांचंही तेच, समृद्धी महामार्गाचं बहुतेक कर्ज रस्ते विकास महामंडळाच्या नावावर. शिवाय थकलेली बिलं. २०२५ मध्ये कंत्राटदारांच्या संघटना केलेल्या कामांचे पैसे मिळत नाहीत म्हणून रस्त्यावर उतरल्या होत्या. केलेल्या कामाचं न दिलेलं बिल हे कर्जच, बिनव्याजी आणि जबरदस्तीचं.

एकाने विचारलंय की महाराष्ट्राला वेगळं रेटिंग का नाही. राज्य परदेशातून थेट कर्ज काढू शकत नाही, घटनेच्या कलम २९३ प्रमाणे केंद्राचं देणं असेल तर केंद्राची परवानगी लागते, आणि राज्याचे रोखे रिझर्व्ह बँकच लिलावाने विकते. बाजार असं धरून चालतो की शेवटी मागे दिल्ली आहे. त्यामुळे होतं काय, नीट हिशोब ठेवणारं राज्य आणि उधळं राज्य यांना मिळणाऱ्या व्याजदरात नाममात्र फरक असतो. नीट वागल्याचं बक्षीस नाही, उधळपट्टीला दंड नाही. हे मात्र मला खरंच बदलायला हवं असं वाटतं, आणि कोणतंही राज्य ते बदलू देणार नाही हेही माहितीय.

सरकारकडे नोटा छापायचं मशीन आहे मग कर्ज कशाला काढतात? (बारावीचा विद्यार्थी, लातूर)

पूर्वी जवळपास तसंच चालायचं रे. पैसे कमी पडले की सरकार रिझर्व्ह बँकेला एक कागद द्यायचं, तदर्थ ट्रेझरी बिल, आणि बँक पैसे द्यायची. १९९७ पासून ते बंद झालं, आणि सरकारच्या तुटीला लगाम घालणाऱ्या एफआरबीएम कायद्याने एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेने सरकारचे नवे रोखे थेट घ्यायचे नाहीत असंही ठरलं, अगदी अपवाद सोडून. कारण साधं आहे, वस्तू तेवढ्याच आणि नोटा जास्त, मग भाव वाढतात, आणि भाववाढ हा असा कर आहे जो संसदेत पास करावा लागत नाही. परीक्षेत एवढं लिहिलंस तरी मार्क मिळतील.

मी न्यू जर्सीत असतो. इथे अमेरिकेचं रेटिंग तिघांनीही उतरवलं तरी कोणाला काही फरक पडला नाही. जपानचं कर्ज तर दुपटीहून जास्त. मग भारतालाच का एवढं छळतात?

तुम्ही म्हणता ते खरंय. एस अँड पीने ऑगस्ट २०११ ला, फिचने ऑगस्ट २०२३ ला आणि मूडीजने मे २०२५ ला अमेरिकेचं ट्रिपल ए काढून घेतलं. २०११ ला तर मजा झाली, रेटिंग उतरलं आणि घाबरलेल्या लोकांनी सुरक्षित म्हणून अमेरिकेचेच रोखे घेतले, व्याजदर उलटा खाली आला. डॉलर हे जगाचं राखीव चलन आहे, तेल त्यात विकलं जातं, सगळ्या मध्यवर्ती बँका ते साठवतात, ही सोय रुपयाला नाही. जपानचं सरकारी कर्ज उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त असून एस अँड पीकडे ए प्लस आहे, कारण ते येनमध्ये आहे, बहुतेक जपान्यांकडेच आहे, आणि कित्येक वर्षं व्याजदर शून्याला चिकटलेला होता. परत तेच, कर्ज किती यापेक्षा व्याज किती जातं.

पण अमेरिकेलाही फरक पडत नाही असं आता म्हणू नका. २०२४ च्या आर्थिक वर्षात त्यांचा व्याजाचा निव्वळ खर्च संरक्षण खर्चाच्या वर गेला. मूडीजने रेटिंग उतरवताना वाढती तूट आणि वाढतं व्याज यावरच बोट ठेवलं होतं.

छळाबद्दल: तक्रार जुनी आहे आणि अगदी निराधार नाही. २०२०-२१ च्या आर्थिक पाहणी अहवालात यावर एक अख्खं प्रकरणच होतं, जगातल्या पाचव्या क्रमांकाच्या अर्थव्यवस्थेला बहुतेक वेळा ट्रिपल ए मिळालंय, अपवाद फक्त चीन आणि भारत, आणि गुंतवणुकीच्या तळाच्या पायरीवर तर भारताआधी कोणालाच ठेवलेलं नाही, असं म्हटलेलं. त्यांच्या पद्धतीत माणशी उत्पन्नाला आणि 'कारभाराचा दर्जा' असल्या मतांवर उभ्या निर्देशांकांना बरंच वजन असतं, आणि तिथे गरीब देश कायम मागे पडतात. शिवाय २००८ च्या आधी अमेरिकेतल्या घरकर्जांच्या गाठोड्यांना याच संस्थांनी ट्रिपल ए वाटलेलं आणि ती पुढे बुडाली, ते कोण विसरेल. तरीही एक सांगते, केंद्र आणि राज्यांचं मिळून कर्ज उत्पन्नाच्या ऐंशी टक्क्यांच्या वर आहे, आपल्या पायरीवरच्या बऱ्याच देशांपेक्षा जास्त. तिथे पक्षपात काढून टाकला तरी आकडा तोच राहतो.

१९९१ ला सोनं गहाण ठेवलेलं ते आम्ही पाहिलंय. पुन्हा तशी वेळ येईल का? (निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे)

काका, तुम्ही बँकेत होतात म्हणजे त्या दिवसांतली धावपळ तुम्हाला माझ्याहून चांगली माहीत. तरुण वाचकांसाठी थोडक्यात. ऐंशीच्या दशकात केंद्राची तूट वाढत वाढत १९९०-९१ ला आठ टक्क्यांच्या आसपास गेली, ती भागवायला परदेशातून कमी मुदतीची उधारीही वाढली. त्यात ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं, तेल भडकलं, आखातातून येणारे पैसे अडले. दिल्लीत सरकारं पडत होती. रेटिंग संस्थांनी एकामागोमाग पायऱ्या उतरवत भारताला गुंतवणुकीच्या दर्जाखाली नेलं आणि त्याच महिन्यांत परदेशी बँकांनी मुदत वाढवून द्यायचं बंद केलं, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढायला सुरुवात केली. जानेवारी १९९१ मध्ये परकीय गंगाजळी सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास, दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती. मे मध्ये २० टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेकडे परत घ्यायच्या बोलीवर गेलं, जुलैमध्ये आणखी ४७ टन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन, २४ तारखेला मनमोहन सिंगांचं बजेट. पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

तशीच वेळ येणं आता अवघड, कारण ती वेळ डॉलरच्या देण्याची होती. रुपयातलं देणं सरकार कसंही भागवू शकतं, वाईट मार्गाने का होईना, डॉलर मात्र छापता येत नाही. आता गंगाजळी सहाशे अब्जांच्या वर आहे आणि सरकारचं परदेशी चलनातलं देणं थोडं आहे. हाच फरक ग्रीस आणि श्रीलंकेत दिसतो. ग्रीसकडे स्वतःचं चलनच नव्हतं, युरो होता, २००९ ला नव्या सरकारने तूट आधी सांगितली त्याच्या कितीतरी जास्त आहे असं कबूल केलं आणि एप्रिल २०१० मध्ये एस अँड पीने त्यांना जंक केलं, तिथून परत वर यायला त्यांना २०२३ उजाडलं. श्रीलंकेने डॉलरमध्ये रोखे विकलेले, २०१९ च्या शेवटी कर घसघशीत कमी केले, मग कोविडने पर्यटन गेलं, आणि एप्रिल २०२२ ला त्यांनी परदेशी कर्ज फेडणं थांबवतोय असं जाहीर केलं. पेट्रोलच्या रांगा तुम्ही टीव्हीवर बघितल्या असतील.

आपल्याकडे त्रास आला तर तो असा एका रात्रीत येणार नाही. तो व्याज वाढत जाऊन दवाखान्यातली नर्सची भरती थांबते, शाळेत शिक्षक कंत्राटी येतात, रस्त्याचं बिल दोन वर्षं अडकतं, असा येतो. त्याची बातमी होत नाही. सोन्याचं मात्र बरं चाललंय, २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने शंभर टन सोनं इंग्लंडमधून इकडे परत आणलं. ते काही गहाण नव्हतं, आपलंच तिथे ठेवलेलं.

सरकारला एवढे पैसे लागतात तर मीच थेट देते की! रोखे घरबसल्या घेता येतात असं मुलगी म्हणते. घ्यावेत का? (पुणे)

येतात. रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट नावाची सोय आहे, नोव्हेंबर २०२१ पासून, मोबाईल ॲपही आहे. केंद्राचे रोखे, राज्यांचे रोखे, ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ट्रेझरी बिलं, सगळं मिळतं, किमान दहा हजारांपासून. खातं उघडायला आणि सांभाळायला पैसे नाहीत. रोख्यांचं व्याज दर सहा महिन्यांनी खात्यात येतं, टीडीएस कापत नाहीत पण म्हणून करमुक्त नाही हं, तुमच्या स्लॅबप्रमाणे रिटर्नमध्ये दाखवावं लागतं.

दोन गोष्टी आधी समजून घ्या. व्याजदर वाढले की हातातल्या जुन्या रोख्याची किंमत घसरते. मुदत संपेपर्यंत ठेवणार असाल तर फरक पडत नाही, पैसे पूर्ण मिळतात, पण वीस-तीस वर्षांचा रोखा घेऊन तीन वर्षांत मोडायला गेलात तर तोटा होऊ शकतो, शिवाय छोट्या रकमेला गिऱ्हाईक पटकन मिळत नाही. दुसरं, पीपीएफ एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर आहे आणि त्याचं व्याज करमुक्त, त्यामुळे पीपीएफची दीड लाखाची मर्यादा भरली नसेल तर आधी ती भरा. तुम्ही निवृत्त असाल तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजनाही आधी बघा. त्यानंतर उरलेल्याचे रोखे घ्या, पाच-दहा वर्षांचे घ्या, आणि केवायसी करताना पॅनवरचं नाव आणि बँकेच्या पासबुकावरचं नाव सारखं आहे ना तेवढं तपासा. लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावाचा घोळ असला की अर्ज तिथेच अडकतो. नॉमिनी म्हणून मुलीचं नाव पहिल्याच दिवशी टाका.